सीट मागे घेऊ का?

विमानात पुढे-मागे बसलेल्या दोन अनोळखी माणसांचं भांडण होतं ते बहुधा तीन-चार इंचांवरून. पुढच्याने बटण दाबून सीटची पाठ मागे टाकली, की मागच्याच्या तोंडापुढची जागा तेवढीच आक्रसते. पुढचा म्हणतो, "बटण दिलंय कशाला मग?" मागचा म्हणतो, "या जागेचे पैसे मी मोजलेत." गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात.

एका सीटपासून तिच्या मागच्या सीटपर्यंतच्या अंतराला विमान कंपन्या 'सीट पिच' म्हणतात. इकॉनॉमी वर्गात ते साधारण २८ ते ३२ इंच असतं, आणि सीटच्या पाठीची जाडीसुद्धा त्यातच आली. उरलेल्या जागेत आपले गुडघे, जेवणाचा ट्रे आणि पुढच्याची मागे येणारी पाठ. म्हणजे तेच चार इंच पुढच्याला आराम म्हणून दिले आणि मागच्याला मोकळी जागा म्हणून. एकच खोली दोन भाडेकरूंना देऊन घरमालक गावाला निघून गेला, तर मागे काय होणार?

काय होतं, ते ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत दिसलं. पुढची सीट मागे येऊच नये म्हणून ट्रेच्या दांड्यांना अडकवायची 'नी डिफेंडर' नावाची चिमुकली खुंटी २००३ पासून तिथे विकत मिळत होती. नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एकाने ती लावली. पुढच्या बाईंची सीट हलेना. शब्दाने शब्द वाढला आणि बाईंनी हातातला पेला त्याच्या अंगावर रिकामा केला. विमान शिकागोला उतरवून दोघांनाही खाली काढलं. विशेष म्हणजे दोघंही जादा पैशांच्या, ऐसपैस जागेच्या ओळींत बसले होते!

त्याच वर्षी कायद्याचे दोन प्राध्यापक, बुकाफुस्को आणि स्प्रिगमन, यांनी लोकांना विचारलं: सहा तासांच्या प्रवासात सीट मागे न घेण्याचे किती पैसे घ्याल? उत्तरांची सरासरी ४१ डॉलर. मागचा मात्र १८ डॉलरच द्यायला तयार. मग त्यांनी प्रश्न उलटा केला. समजा, हक्क मागच्याचा आहे आणि सीट मागे घ्यायला तुम्हालाच पैसे मोजायचेत. आता पुढचा १२ डॉलरच्या वर जाईना आणि मागचा ३९ मागू लागला. म्हणजे जे 'आपलं' ठरतं, ते एकदम मोलाचं होतं. पण पैशांऐवजी मागच्याने एखादं पेय किंवा खाऊ देऊ केला तर? शंभरातले ७८ जण सीट सरळ ठेवायला राजी. माणसं हक्कावर अडतात, पण कुणी आपली दखल घेतली की सैल होतात.

आपल्या रेल्वेत असाच वाद मधल्या बर्थचा. तिथे नियम आहे: झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. आजारी, अपंग व गरोदर प्रवाशांना त्यातून सवलत द्यावी, असंही २०१७ मध्ये रेल्वेने सांगितलं. विमानात उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सीट सरळ हवी, कारण प्रसंग आलाच तर ओळीतून झटपट बाहेर पडता आलं पाहिजे. बाकीच्या वेळी मात्र सगळं प्रवाशांच्या समजुतीवर.

एकदा परदेशी जाताना माझ्या शेजारी एक काकू होत्या. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. जेवण चालू असतानाच पुढच्या मुलाने सीट धाडकन मागे टाकली आणि काकूंचा ट्रे पोटाला टेकला. "त्याची सीट आहे, आपण काय बोलणार?" त्या मला कुजबुजत म्हणाल्या. मी त्या मुलाच्या खांद्याला हात लावून सांगितलं. त्याने वळून पाहिलं, "सॉरी आजी," म्हणाला आणि सीट सरळ केली. मागे कोण आहे याचा त्याला पत्ताच नव्हता.

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. बटण पुढच्याच्या हाती, पण त्याला मागचं दिसत नाही. मागच्याला सगळं दिसतं, पण त्याच्या हाती बटण नाही. आणि काकूंसारखी माणसं तर तोंडही उघडत नाहीत. म्हणून विचारायची जबाबदारी पुढच्याची.

बाकी पथ्यं सोपी आहेत. जेवण-चहाच्या वेळी सीट सरळ ठेवावी. मागे घेताना हळूहळू घ्यावी. मागच्याच्या ट्रेवर गरम चहा असू शकतो, उघडा लॅपटॉप असू शकतो. तास-दोन तासांच्या प्रवासात शक्यतो नकोच. पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात दिवे मालवल्यावर मात्र मागच्यानेही कुरकुर करू नये. पुढच्यालाही पाठ आहे. अगदी शेवटच्या ओळीची सीट बहुधा मागे जातच नाही. तिच्या पुढे बसलेल्याने तर दोनदा विचार करावा. आणि मागच्याने गुडघ्याने ढोसण्यापेक्षा तोंडाने सांगावं.

"सीट थोडी मागे घेतली तर चालेल ना?" एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? बहुतेक वेळा उत्तर "घ्या की" असंच येतं. आणि क्वचित कुणी "जेवण होईपर्यंत थांबाल का?" म्हणालं, तर थांबावं. विमान काही लवकर पोहोचणार नसतं.