टाळेबंदीच्या काळातील राष्ट्रीय सेवा योजना : विखुरलेल्या एककाच्या अनुबंधाचा विचार

प्रस्तावना

साथीच्या रोगात सेवा करणे म्हणजे रोग्याजवळ जाणे, अशी महाराष्ट्राची जुनी धारणा आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासमवेत पुण्यात रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सेवाभावी विद्यार्थ्यांसमोर आपण हे उदाहरण नेहमी ठेवतो. मार्च २०२० मध्ये मात्र प्रश्न नेमका उलट स्वरूपात उभा राहिला. कोविड-१९ च्या साथीत दूर राहणे हेच सेवेचे पहिले कर्तव्य ठरले. ज्या संघटनेचे सारे शिक्षण एकत्र येण्यावर आधारलेले आहे, तिने एकत्र न येता कसे टिकावे, हा प्रश्न महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्रत्येक कार्यक्रम अधिकाऱ्यासमोर होता.

प्रस्तुत लेखकाने त्या काळात एका ग्रामीण महाविद्यालयात कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केले. त्या अनुभवाच्या आधारे, विखुरलेल्या एककाचा अनुबंध कशाने टिकतो व कशाने टिकत नाही, याचे विवेचन करणे हा या लेखाचा उद्देश आहे. हा विषय आता भूतकाळाचा झाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु स्वयंसेवक योजनेत साधारणतः दोनच वर्षे असतो. टाळेबंदी अनुभवलेले स्वयंसेवक कधीच पदवी घेऊन बाहेर पडले. त्या दिवसांची स्मृती आता केवळ प्राध्यापकांपाशी उरली आहे. ती लिहून ठेवली नाही, तर पूर, दुष्काळ वा नव्या साथीच्या प्रसंगी पुढील अधिकाऱ्यास पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागेल.

एककाच्या अनुबंधाचे स्वरूप

राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह झाला. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे प्रतिवर्षी १२० तास नियमित कार्य करावे आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे, अशी तिची परिचित रचना आहे.

ज्यांनी असे शिबिर घेतले आहे त्यांना ठाऊक आहे की, वर्गात शेजारी बसूनही परस्परांचे नाव न जाणणारे विद्यार्थी सातव्या दिवशी निरोप घेताना डोळे पुसत असतात. पहाटेची प्रभातफेरी, सकाळचे श्रमदान, दुपारचे बौद्धिक सत्र, स्वतःच रांधलेले जेवण आणि शाळेच्या खोलीत एका ओळीत अंथरलेल्या सतरंज्या, यांतून हा जिव्हाळा निर्माण होतो. सर्वांनी एकाच वेळी, एकाच ठिकाणी, एकच काम करणे हे त्याचे मूळ आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्खीम यांनी १८९३ मधील श्रमविभागणीविषयक ग्रंथात सामाजिक एकतेचे दोन प्रकार सांगितले. सदस्यांच्या सारखेपणातून निर्माण होणारी ती यांत्रिक एकता, आणि भिन्न कार्ये करणाऱ्या सदस्यांच्या परस्परावलंबनातून निर्माण होणारी ती सावयवी एकता. द्युर्खीम यांचे विवेचन संपूर्ण समाजाविषयी आहे. तथापि लहान गटाचा विचार करतानाही ते उपयुक्त ठरते. शिबिरातील जिव्हाळा बव्हंशी पहिल्या प्रकारचा असतो. टाळेबंदीने नेमका त्याचाच आधार काढून घेतला. ज्या एककांनी त्या जागी दुसऱ्या प्रकारची एकता उभी केली ती टिकली. ज्यांनी पहिल्याच प्रकाराची पडद्यावर नक्कल करण्याचा प्रयत्न केला ती हळूहळू विरत गेली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

टाळेबंदीने काय तुटले ?

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी पाळण्यात आली आणि २५ मार्चपासून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. ती वाढत जाऊन ३१ मेपर्यंत राहिली. महाविद्यालये त्यापूर्वीच बंद झाली होती. वसतिगृहे रिकामी झाली व विद्यार्थी आपापल्या गावी, वाडीवस्तीवर परतले. दत्तक गावाच्या वेशीवर तर बाहेरच्यांना प्रवेशबंदीच्या पाट्या लागल्या. ज्या गावाने हिवाळ्यात स्वयंसेवकांना पंगतीला बसविले होते, त्याच गावाला आता त्यांचे येणे नको होते, आणि ते योग्यही होते.

या काळात महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आपण कोणालाच नको आहोत, असे वाटण्याची शक्यता अधिक होती. परीक्षांचा निर्णय लागत नव्हता. अंतिम वर्षाच्या परीक्षांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ ऑगस्ट २०२० रोजी आला. घरात रोजगार थांबलेला होता. अशा वेळी सेवा योजनेचा अनुबंध ही शिष्टाचाराची बाब उरली नव्हती. अनेकांसाठी महाविद्यालयाशी असलेला तो एकमेव जिवंत धागा होता.

दूरसंपर्काची साधने व त्यांच्या मर्यादा

पहिला उपाय सर्वांनाच सुचला तो व्हॉट्सॲप गटाचा. सूचना, आरोग्यविषयक माहिती व प्रेरक विचार यांचा वर्षाव सुरू झाला. पाठोपाठ झूम व गूगल मीटवरील व्याख्याने आली. ऑनलाइन प्रश्नमंजूषा आल्या. दहा प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि ई-प्रमाणपत्र मिळवावे. २०२० च्या उन्हाळ्यात अशा प्रमाणपत्रांचा एवढा सुकाळ झाला की, काही विद्यार्थ्यांनी एका आठवड्यात जमविलेली प्रमाणपत्रे त्यांच्या पूर्वीच्या सर्व शिक्षणातील प्रमाणपत्रांहून अधिक भरली असतील. प्रस्तुत लेखकानेही अशा प्रश्नमंजूषा घेतल्या, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

या साधनांच्या दोन मर्यादा लवकरच ध्यानात आल्या. पहिली मर्यादा उपलब्धतेची. उपस्थितीचे आकडे समाधानकारक असले तरी अनुपस्थितांची यादी वाचली असता, तीच ती नावे पुन्हा पुन्हा आढळत. त्यांत मुलींची, ऊसतोड मजुरांच्या मुलांची व डोंगराकडील वाड्यांत राहणाऱ्यांची नावे अधिक होती. एका स्वयंसेविकेच्या घरी एकच स्मार्टफोन होता आणि तो वडील कामावर नेत. शिबिरात सर्वांत आधी फावडे उचलणारी ही विद्यार्थिनी आमच्या नोंदीत मात्र 'निष्क्रिय' ठरली होती. चूक तिची नव्हती. आमच्या मोजमापाची होती.

दुसरी मर्यादा स्वरूपाची. व्याख्यानात स्वयंसेवक हा केवळ श्रोता असतो. तो नसला तरी व्याख्यान होतेच. ज्याच्या अनुपस्थितीने काहीच अडत नाही, तो सदस्य त्या गटाशी फार काळ बांधलेला राहत नाही. संपर्क आणि अनुबंध या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या काळाचा पहिला धडा होय.

कार्याच्या वाटणीतून अनुबंध

विचारांती आम्ही एककाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. स्वयंसेवक अनेक गावांत विखुरले होते. म्हणजेच एरवी एका दत्तक गावात असणारे एकक आता त्या सर्व गावांत उपस्थित होते. प्रत्येकाने आपली वाडी अथवा गल्ली हेच आपले कार्यक्षेत्र मानावे, असे ठरले. त्यानुसार पुढील पद्धती अवलंबिली.

प्रथम, मोठा गट कायम ठेवून दहा-दहा स्वयंसेवकांचे उपगट केले. उपगट अभ्यासशाखेनुसार न करता जवळच्या गावांनुसार केले. गटप्रमुखाने आठवड्यातून एकदा प्रत्येक सदस्याशी साध्या दूरध्वनीवरून बोलावे, असा नियम केला. संदेश पाठविणे पुरेसे मानले नाही. ज्याच्याकडे फोन नाही त्याची विचारपूस शेजारच्या वस्तीवरील सदस्याने अंतर राखून प्रत्यक्ष करावयाची होती. वर उल्लेखिलेली स्वयंसेविका याच मार्गाने पुन्हा जोडली गेली. वडील सायंकाळी घरी आल्यावर तिला फोन मिळे. म्हणून तिच्या उपगटाचे बोलणे रात्री जेवणानंतर होऊ लागले.

दुसरे, प्रत्येकास निश्चित व लहान जबाबदारी दिली. कोणी घरच्या शिलाई यंत्रावर कापडी मुखपट्ट्या शिवल्या. कोणी वस्तीवरील एकट्या वृद्धांची यादी करून त्यांची औषधे व शिधा यांची व्यवस्था पाहिली. कोणी समाजमाध्यमांतून येणाऱ्या अफवांची प्राथमिक आरोग्य केंद्राकडून शहानिशा करून खरी माहिती उपगटास कळविली. यातील कोणतेही काम मोठे नव्हते. परंतु यादीतील आजीच्या गोळ्या संपत आल्या की त्या आणून देणारी व्यक्ती ठरलेली होती, आणि तिने ते न केल्यास ते अडणार होते.

तिसरे, स्वतंत्र उपक्रम शोधण्याऐवजी शासकीय यंत्रणेच्या कामाशी जोडून घेतले. १५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. घरोघरी जाऊन शरीराचे तापमान व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तपासणाऱ्या पथकांना गावातील प्रत्येक घर माहीत असणाऱ्या तरुणांची गरज होती. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण खुले झाले, तेव्हा आरंभी कोविन संकेतस्थळावर पूर्वनोंदणी अनिवार्य होती. गावातील केंद्रावरच्या वेळा शहरातील लोक काही क्षणांत आरक्षित करीत आणि गावकरी पाहत राहत. अशा वेळी नोंदणी करून देणारा स्वयंसेवक गावाला खऱ्या अर्थाने उपयोगी ठरला.

रक्तदानाचे उदाहरणही बोलके आहे. दात्याच्या रक्तातील तांबड्या पेशी साठवणुकीच्या पद्धतीनुसार साधारणतः ३५ ते ४२ दिवस आणि बिंबिका केवळ सुमारे पाच दिवस टिकतात. त्यामुळे रक्तपेढीला सततचा पुरवठा लागतो, आणि महाविद्यालयीन शिबिरे हा त्याचा महत्त्वाचा स्रोत आहे. महाविद्यालये बंद होताच तो आटला. एकत्रित शिबिर घेण्याऐवजी रक्तगटानुसार दात्यांची यादी करून, रक्तपेढीने कळविलेल्या वेळी दोघा-तिघांनीच जावे, ही पद्धत अनुसरली. पुरुष दात्यास ९० व स्त्री दात्यास १२० दिवसांचे अंतर राखावे लागत असल्याने पुढील पाळी कोणाची, हे यादीवरून कळत असे. साथ ओसरल्यावरही ही यादी उपयोगी पडत राहिली.

मूल्यमापन, सुरक्षितता आणि शोक

अशा कामाची नोंद हा अवघड प्रश्न होता. छायाचित्र व प्रमाणपत्र यांच्या सोयीने अहवाल भरणे सोपे होते. परंतु आजीशी रोज दहा मिनिटे बोलण्याचे छायाचित्र काढणे उचित नव्हते, आणि मदत स्वीकारणाऱ्याची प्रतिमा प्रसारित करणे हा तर त्याचा अवमानच होता. म्हणून आम्ही दैनंदिनीची जुनी पद्धत पुनश्च स्वीकारली. स्वयंसेवकाने वहीत तारीख, काम व लागलेला वेळ लिहावा आणि गटप्रमुखाने ते ऐकून पडताळावे. १२० तासांचा हिशेब या वह्यांतून अधिक प्रामाणिकपणे झाला.

सुरक्षिततेबाबत तडजोड अयोग्य होती. पालकांच्या संमतीविना कोणासही घराबाहेरचे काम दिले नाही, आणि घरात वृद्ध वा आजारी व्यक्ती असल्यास केवळ दूरध्वनीवरील काम सोपविले. 'मी नव्हे, तर तुम्ही' या योजनेच्या ब्रीदाचा अर्थ स्वयंसेवकाने स्वतःस धोक्यात घालावे असा कदापि होत नाही.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत एका स्वयंसेवकाच्या वडिलांचे निधन झाले. अंत्यविधीस कोणी जाऊ शकले नाही. त्याच्या उपगटातील सदस्यांनी आपसांत वार वाटून घेतले आणि प्रतिदिनी एकाने त्यास फोन केला. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. या कामाची नोंद कोणत्याही दैनंदिनीत नाही. तथापि एककाचा अनुबंध टिकला की नाही याचा निकष विचाराल, तर प्रस्तुत लेखक याच घटनेकडे निर्देश करील.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. संदेशांची संख्या हे अनुबंधाचे माप नाही; प्रत्येक सदस्याविना काहीतरी अडणे हे त्याचे माप आहे. उपगट लहान व भौगोलिकदृष्ट्या जवळचे असावेत. गावनिहाय यादी, रक्तगटाची सूची आणि घरी फोन नसलेल्या स्वयंसेवकांची नोंद प्रतिवर्षी प्रवेशाच्या वेळीच तयार करावी. संकट आल्यावर ती करण्यास अवधी नसतो. उपस्थितांच्या आकड्याआधी अनुपस्थितांची नावे वाचण्याची सवय अधिकाऱ्याने लावून घ्यावी.

मात्र एक मर्यादाही मान्य केली पाहिजे. टाळेबंदीत टिकलेला अनुबंध हा पूर्वीच्या शिबिरांत रुजलेल्या जिव्हाळ्यावरच उभा होता. ज्यांनी एकही शिबिर अनुभवले नव्हते, त्या नवागतांना जोडणे आम्हास सर्वांत कठीण गेले. म्हणून विखुरलेल्या कामाची पद्धती ही शिबिराला पर्याय नव्हे. सतरंजीवरची ती सात दिवसांची सोबत दरवर्षी घडवून आणणे, हीच पुढील संकटाची खरी पूर्वतयारी होय.