नोटेवर सही रोह्याची, नोटेला रजा पेणची!

पेण म्हटलं की गणपती, रोहा म्हटलं की कुंडलिका नदी. पण जमीन आणि पैसा या विषयांत अख्ख्या देशाला कामाला लावणारे दोघेही याच पट्ट्यातले. चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नाते गावी, वाढले रोह्यात. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. जन्मात अंतर चार महिन्यांचं. गेलेही १९८२ सालीच, दीड महिन्याच्या फरकानं.

देशमुख म्हणजे मुळात वतनदार. मराठेशाहीत सारा वसूल करायचा त्यांनी, आणि गोतसभेत बसून वतनाचे तंटे तोडायलाही तेच पुढे. जमीनदारी आणि न्यायनिवाडा एकाच पागोट्याखाली! चिंतामणरावांकडे हे घरचं खातं वेष बदलून परत आलं. आयसीएस होऊन ते मध्य प्रांतात गेले आणि रायपूर जिल्ह्यात सेटलमेंट ऑफिसर म्हणून शेतसारा ठरवू लागले. शिकले होते मात्र केंब्रिजला वनस्पतिशास्त्र!

पहिला नंबर ही त्यांची खोडच. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, १९१८ साली आयसीएसलाही पहिले. विनोबांचा खाक्या उलटा: १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले आणि सुरतेलाच उतरून काशीला पसार झाले. सर्टिफिकिटं त्याआधीच अग्नीला अर्पण.

१९४३ साली देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. नोटेवर मुखडा सहाव्या जॉर्जचा, पण खाली सही रोहेकराची. पुढे ते दिल्लीत अर्थमंत्री म्हणून रुपयाचा हिशेब मांडत होते, तेव्हा विनोबा पवनारच्या आश्रमात पैशाविना जगण्याचा, ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग करत होते. एप्रिल १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. गागोद्याच्या इनामदारांचा हा नातू गावोगाव पायी फिरून लाखो एकर जमीन मागून आणता झाला. त्यातली बरीच खडकाळ निघाली, हेही खरं.

देशमुख १९५२ मध्ये कुलाब्याचे (म्हणजे आजच्या रायगडचे) खासदार झाले, पण खुर्चीला चिकटले नाहीत. महाराष्ट्राला मुंबई मिळत नाही म्हटल्यावर १९५६ साली अर्थमंत्रिपदावर पाणी सोडलं.

संस्कृतचं वेड दोघांनाही. विनोबांनी गीता मराठीत आणली, या अर्थतज्ज्ञानं चक्क ‘मेघदूत’!

आणि मॅगसेसे पुरस्कार? पहिल्याच वर्षी, १९५८ मध्ये, विनोबांना. १९५९ मध्ये देशमुखांना. लागोपाठ दोन वर्षं, एकाच कुलाबा जिल्ह्याला. पुणे-मुंबईकरांनी जरा नोंद घ्यावी.