पेरणी यंत्राचा रंग का सुटतो? आधी कारण ओळखा, मग ब्रश हातात घ्या



मृगाच्या पेरणीआधी बरेच जण खत-पेरणी यंत्राला रंग मारून घेतात. पण वर्षभरात खताच्या पेटीवर परत फोड येतात, पापुद्रे निघतात. मग आपण रंगाच्या डब्याला नावं ठेवतो. बहुतेक वेळा दोष सापडतो तो रंगाखालच्या पत्र्यावर.

*आधी बघा, काय झालंय?*

🔸 फोड आलेत, फोडल्यावर आत ओल: रंगाखाली खताचे क्षार राहिलेत. क्षार हवेतलं पाणी ओढतात. पोटॅशमधलं क्लोराइड तर पत्रा लवकर खातं.
🔸 पापुद्रा निघाला, खाली पत्रा चकचकीत: तेल-ग्रीस पुसलं नव्हतं, किंवा पत्रा न घासता रंग मारला.
🔸 पापुद्र्याखाली गंज: गंजावरच रंग चढवला होता.
🔸 फक्त कडा आणि वेल्डिंगचे सांधे गंजले: तिथे रंग पातळ बसतो.
🔸 हात फिरवला की पांढरी भुकटी: उन्हाचा परिणाम. यंत्र सावलीत ठेवा.

जुना रंग धरून आहे का, हे बघायला ब्लेडने फुली मारा, चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर तो सगळा खरवडावा लागेल.

*रंग मारताना*

१) आधी साध्या पाण्याने भरपूर धुवा. थिनरने तेल निघतं, क्षार निघत नाहीत. पूर्ण वाळू द्या.
२) थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस पुसा.
३) तारेच्या ब्रशने, पॉलिश पेपरने सुटा रंग आणि गंज काढा. तोंडाला मास्क लावा, लेकरांना लांब ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. धूळ पुसून घ्या.
४) त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावा. कडा आणि सांध्यांना एक हात जास्त.
५) प्रायमर पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्या. एकच जाड हात वरून वाळतो, आत ओला राहतो.

तापलेल्या पत्र्यावर भर दुपारी रंग मारू नका. पत्रा दमट असेल तरीही नको. जस्ताच्या पत्र्यावर ऑइल पेंट थेट टिकत नाही. दुकानात जस्तासाठीचा प्रायमर मागा.

आणि पेरणी झाली की त्याच संध्याकाळी पेटी रिकामी करून धुवा. गंजाचे पापुद्रे खताच्या रोलरमध्ये अडकले तर एखाद्या नळीतून खत पडत नाही. ते पेरताना कळत नाही, पीक वर आल्यावर ओळीच्या ओळी पिवळ्या दिसतात.

आपल्या यंत्राचा फोटो ग्रुपवर टाका, कारण मिळून शोधू.