पंख्याचे बटण कोणाच्या हाती?

वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला, की खानदेशातले प्रत्येक घर पंख्याच्या नाहीतर कूलरच्या आश्रयाला जाते. ज्याचे हातपाय धड आहेत त्याला बटण दाबणे हे काम वाटतही नाही. पण अर्धांगवायूने खाटेला खिळलेल्या आजोबांना किंवा चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला त्यासाठी हाक मारावी लागते. घरची माणसे प्रेमळ असतात, कोणी कुरकुर करीत नाही; तरी दिवसातून वीस वेळा हाक मारणाऱ्याच्या मनाला काय वाटत असेल? पुष्कळदा तो हाक मारायचेच सोडतो आणि घामाघूम पडून राहतो.

ही हाक आता वाचवता येते. ‘स्मार्ट प्लग’ भिंतीवरच्या सॉकेटात खोचायचा, त्यात कूलरची पिन लावायची आणि कूलरचे स्वतःचे बटण चालूच ठेवायचे. मग मोबाईलवरून, किंवा बोलण्याने चालणाऱ्या स्पीकरला सांगून, कूलर लावता-बंद करता येतो. ‘अलेक्सा’ २०१९ पासून हिंदी समजते. फोनवर मराठीत बोलून मजकूर लिहिण्याची गूगलची सोय तर २०१७ सालची. बोटे वळत नसलेल्या माणसालाही आपले पत्र आपणच लिहिता येते. छताच्या पंख्याचे स्विच मात्र वायरमनकडूनच बसवून घ्यावे. गीझरला साधा प्लग चालत नाही, १६ अँपिअरचा लागतो.

यंत्रांनी माणूस आळशी होईल, अशी शंका वडीलधारे काढतील. त्यांनी प्रांजल पाटील यांच्याकडे पाहावे. मूळच्या जळगाव जिल्ह्यातल्या या मुलीची दृष्टी लहानपणीच गेली. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या ‘जॉज’ या सॉफ्टवेअरच्या साह्याने तिने अभ्यास केला. २०१६ साली लोकसेवा आयोगाच्या निकालात ७७३ वा क्रमांक आला, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेने नेमणूक नाकारली. पुढच्या वर्षी १२४ वा क्रमांक मिळवून त्या आय. ए. एस. झाल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. यंत्राने वाचून दाखवले, अभ्यास त्यांनीच केला. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ केंद्रात दिव्यांग मुले-मुली राहून स्पर्धापरीक्षांची तयारी करतात.

मात्र यंत्र आणले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे कोणी समजू नये. वीज गेली की इंटरनेटही जाते. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा, उशाशी साधी घंटा ठेवावी आणि एखादे बटण खुर्चीवरून हात पोचेल इतके खाली बसवावे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फोनचा पासवर्ड ज्याचा त्याच्याजवळ असू द्यावा. पंखा किती वेगाने फिरावा, दिवा केव्हा मालवावा, हे घरातल्या कर्त्यांनी आपल्या फोनवरून ठरवू लागले, तर बटणाची जागा तेवढी बदलली, मालक तोच राहिला!

या दिवाळीत घरासाठी खरेदी करताना अशा माणसाला आधी विचारा, ‘तुम्हाला कशासाठी सारखी हाक मारावी लागते?’ त्याच्या उत्तरातली पहिली वस्तू यादीत सर्वांत वर लिहा.