बागेची नवी वही

मी नोकरीला लागलो तेव्हा बँकांचे वर्ष 31 डिसेंबरला संपत असे, पुढे ते 31 मार्चला संपू लागले. परंतु वर्षअखेर म्हणजे रात्री उशिरापर्यंत ताळेबंद जुळवीत बसणे, हा अर्थ सदतीस वर्षांत बदलला नाही. सांगलीच्या गणपती पेठेत वडिलांचे हळदीचे दुकान होते. त्यांची वही मात्र दिवाळीच्या पाडव्याला बदले. आयकरासाठी मार्चअखेरचे हिशेब करावेच लागत, तरी पाडव्याची नवी वही त्यांनी कधी सोडली नाही. मी एम.कॉम. झालेला, बँकेत अधिकारी. "दोन दोन वर्षे कशाला सांभाळता, अण्णा?" असे त्यांना ऐकवीत असे. ते उत्तर देत नसत. घरामागच्या परसात त्यांची बाग होती, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे त्या बागेत होते, हे मला निवृत्तीनंतर कळले.

अण्णांच्या मागे ती बाग माझ्याकडे आली. एक जुने कागदी लिंबू, एक पेरू, दोन पपया, कोपऱ्यात प्राजक्त, मोगऱ्याची तीन झुडपे आणि भाजीचे चार वाफे. बागेचे वर्ष चैत्रात सुरू होते, अशी माझी समजूत. नवी पालवी चैत्रातली, मोगराही चैत्रातला! पहिल्या वर्षी पौषात मोगऱ्याची कीव येऊन मी त्याला रोज पाणी घातले. चैत्रात पाने उदंड आली, कळी औषधालाही नाही. मोगऱ्याचे पाणी पौषात तोडायचे, माघात छाटणी करून शेणखत द्यायचे आणि मग पाणी वाढवीत न्यायचे, हे मागाहून समजले. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज बुडते, हे जन्मभर इतरांना सांगणाऱ्या माणसाकडून हे घडावे, याचे अजूनही हसू येते.

लिंबाची रीतही तीच. त्याला वर्षात तीन बहर येऊ शकतात : माघाच्या सुमाराचा आंबे बहर, पावसाच्या तोंडाशी येणारा मृग बहर आणि पाऊस सरताना येणारा हस्त बहर. हस्त बहराची फळे उन्हाळ्यात, म्हणजे लिंबाचा भाव चढलेला असतो तेव्हा हाती येतात. व्यापारी माणसाला हा बहर आवडणारच. पण त्यासाठी झाडाला आधी पाण्याचा ताण बसावा लागतो, आणि ते दिवस असतात नेमके पावसाचे. भाद्रपदात चार दिवस उघडीप मिळाली की अण्णा आळ्यातला पालापाचोळा दूर सारून माती सुकू देत; पुढचे आभाळाच्या मर्जीवर. अधिक मास आला की आपले महिने पुढे सरकतात, सूर्य काही सरकत नाही. म्हणून अण्णा उपवास तिथीने धरीत आणि पेरणी नक्षत्राने. मृग जूनच्या सात-आठ तारखेला आणि हस्त सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, यात फारसा फरक पडत नाही.

बागेतल्या माणसाला श्रावण सर्वांत सोपा. पाणी घालायला नको, सगळे आपोआप वाढते. 2019 च्या श्रावणात हा समजही गेला. सांगलीत एरवी पाऊस बेताचाच. इथल्या पुराचे पाणी महाबळेश्वर-कोयनेकडून आणि वारणेच्या खोऱ्यातून येते. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी 57 फुटांच्या वर गेली. आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे होतो. परतलो तेव्हा परसात घोटाभर गाळ होता. पपया आडव्या झाल्या होत्या, मोगरा कुजला होता. प्राजक्त आणि लिंबू उभे होते. महिनाभरात दोन्ही उभ्याउभ्याच वाळले. पेरू तेवढा तगला. अण्णांनी लावलेले लिंबू माझ्या हाती दोन वर्षेही टिकले नाही, या एका गोष्टीने मला त्या दिवसांत झोप लागत नसे. घरातले सामान भिजले त्याचेही एवढे वाटले नाही.

मग माझ्या हातून दुसरी चूक झाली. भाद्रपदातच दोन गडी लावून मी सगळा परसू खणून घेतला. गाळाखालची काळी माती ओलीच होती. चार दिवसांच्या उन्हात तिची ढेकळे विटांसारखी कडक झाली, कुदळीने फुटेनात. दूध घालायला येणारे हरिपूरचे मामा ती पाहून म्हणाले, "साहेब, वाफसा येऊ द्यायचा होता."

वाफसा हा शब्द मी शेतीकर्जाच्या कागदांत शंभरदा वाचला असेन. माती ना चिखल, ना ढेकूळ. मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि बोटाने ढकलली तर मोकळी व्हावी, अशी स्थिती. ती यायला थांबावे लागते. चातुर्मासात, निदान पाऊस उघडेपर्यंत, अण्णा मातीला कुदळ लावीत नसत. ओल्या मातीत किती जीव वर आलेले असतात, एवढेच कारण ते देत. मी त्याला केवळ धर्माचा नेम समजत होतो. त्या नेमाने काळ्या मातीचा पोतही राखला जात होता, हे ती ढेकळे पाहून उमगले.

त्या साली परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. अखेर वाफसा आला तो पाडव्याच्या आगेमागे. एरवीही आश्विन-कार्तिकातच माती हाती येते, गुलाबाची छाटणी होते, मेथी-कोथिंबिरीचे बी पडते आणि टोमॅटोची रोपे लागतात. बागेचा खरा आरंभ हाच. चैत्र म्हणजे आधीच्या कमाईचा खर्च. वीर निर्वाण संवत 2546 च्या पहिल्या दिवशी मी बागेची स्वतंत्र वही घातली. नावे बाजूला पहिली नोंद : लिंबू एक, प्राजक्त एक, पपया दोन, मोगरा तीन.

मार्गशीर्ष-पौषाविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते खाण्याचे महिने. घेवड्यावर मावा पडतो, ही एक कटकट. मी तो पाण्याच्या धारेने झाडतो आणि ढालकिड्यांची वाट पाहतो. ढालकिडा मावा खातो. तेव्हा यात हिंसा नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, फक्त औषध मारीत नाही इतकेच. फाल्गुनात लोक पाचोळा होळीत घालतात, मी तो पोत्यांत भरून ठेवतो. वैशाखात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा हाच पाचोळा झाडांच्या बुडाशी पसरला म्हणजे ओल टिकते.

2020 च्या वैशाखात सगळे घरात बंद असताना मी लिंबासाठी खड्डा घेतला, तो उन्हात तापू दिला, आणि मृगात नवे रोप लावले. या वेळी दोन हात उंच मातीचा ओटा करून. 2021 च्या आषाढात पुन्हा पूर आला. पाणी परसाच्या पायरीला लागले आणि तेथूनच फिरले. त्या रात्री मी कंदील घेऊन तीनदा पायरी पाहून आलो.

2024 च्या आश्विनात त्या झाडाला पहिल्यांदा हस्त बहर धरला. पुढच्या वैशाखात सतरा लिंबे उतरली. नातीने दोनदा मोजली. सहांचे सरबत झाले, पाच शेजारी गेली, चार हरिपूरच्या मामांना दिली. दोन ठेवली आहेत, ती का ठेवली हे घरात कोणी विचारले नाही. वहीत जमा बाजूला सतरा लिहिले. नावे बाजूचा प्राजक्त अजून फिटायचा आहे. त्याचे रोप यंदा मृगात आणीन.