कॅप तुटली, पण नोंद कुठे झाली?

ऑपरेशन ठरलं की पेशंट बरंच काही विचारतात. किती दिवस राहावं लागेल, खर्च किती, टाके कधी काढणार. पुढच्या दाताला कॅप असेल तर आणखी एक प्रश्न असतो, पण तो बहुतेकदा मनातच राहतो: भूल देताना ती तुटणार तर नाही ना? एवढं मोठं ऑपरेशन, त्यात दाताचं काय घेऊन बसायचं! पण आशागडच्या माणसाने डहाणूला चार-पाच खेपा मारून, दर वेळी मजुरी बुडवून रूट कॅनाल आणि कॅप करून घेतली असेल, तर ही काळजी किरकोळ नाही. आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तर या प्रश्नात भरपूर शिकण्यासारखं आहे.

आधी इजा होते कशी ते बघू. पूर्ण भूल दिल्यावर श्वास नीट चालावा म्हणून बऱ्याचदा श्वासनलिकेत नळी घालतात. वाट दिसावी म्हणून भूलतज्ज्ञ डाव्या हातात लॅरिंगोस्कोप धरतात, त्याच्या पात्याने जीभ बाजूला सारतात आणि पुढे-वर उचलतात. तोंड कमी उघडत असेल, घसा नीट दिसत नसेल, तर पातं वरच्या दातांवर टेकतं आणि पहारीने दगड उचकटावा तसा जोर त्यांच्यावर येतो. म्हणून वरच्या पटाशीच्या दातांना सगळ्यात जास्त धोका. पोर्सिलिनची कॅप चावण्याचा दाब झेलते, पण असा आडवा जोर तिला सोसत नाही. शुद्धीवर येताना पेशंट नळी करकचून चावतो, तेव्हाही दात किंवा कॅप तुटू शकते. म्हणजे प्रत्येक वेळी दोष नळी घालणाऱ्या हाताचाच असतो असं नाही.

आता मुद्द्याचं: हे होतं किती जणांना?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९९९ साली छापलेला अभ्यास यात नेहमी उद्धृत होतो. ५,९८,९०४ भुलींमध्ये १३२ जणांच्या दातांना इजा, म्हणजे साधारण ४,५०० मध्ये एक. १९९० च्या दुसऱ्या एका अभ्यासात ७४५ पेशंटांचं तोंड ऑपरेशनआधी आणि नंतर तपासलं होतं. तिथे दातांच्या इजेचं प्रमाण निघालं सुमारे १२ टक्के, म्हणजे आठात एक. फरक पाचशे पटींहून जास्त!

मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. मेयोच्या अभ्यासात इजेची व्याख्या होती: भुलीनंतर ७ दिवसांत लक्षात आलेली आणि दुरुस्ती करावी लागेल, दात स्थिर करावा लागेल किंवा काढावा लागेल अशी. दुसऱ्या अभ्यासात मुद्दाम शोधायला गेले, त्यामुळे बारीकसारीक टवकेही सापडले. आपल्याकडच्या चिकूचं उदाहरण घ्या. किती फळं खराब झाली, हे व्यापाऱ्याने परत पाठवलेल्या पेट्यांवरून मोजलं तर एक आकडा येईल, एकेक फळ हातात घेऊन ओरखडा शोधला तर दुसरा. बाग तीच.

हे सगळं आशागडला आणून बघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी मोठी ऑपरेशनं होत नाहीत, म्हणजे पेशंट डहाणू, सिल्वासा किंवा वलसाडला जाणार. समजा, घरी आल्यावर नवव्या दिवशी भाकरी खाताना कॅप हलतेय असं कळलं. ७ दिवस उलटून गेलेत. तक्रार करायला परत कोण जातंय? तो जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे जाईल, नाहीतर कुठेच नाही. ऑपरेशन एका जिल्ह्यात किंवा राज्यात, दात दुसरीकडे, आणि हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये शून्य.

त्या शून्याचंही थोडं गणित करू. एका हॉस्पिटलात वर्षाला १,००० भुली होतात आणि खरं प्रमाण ४,५०० मध्ये एक आहे असं धरा. तर वर्षभरात एकही केस न दिसण्याची शक्यता जवळजवळ ८० टक्के. म्हणून 'आमच्याकडे असं कधी होत नाही' हे वाक्य प्रामाणिक असूनही पुरावा म्हणून फारसं उपयोगाचं नाही. इथे तीनचा नियम लक्षात ठेवा: n पेशंटांत शून्य घटना दिसल्या, तर खरं प्रमाण ३/n पर्यंत असू शकतं. ३०० जणांत शून्य आलं, तरी शंभरात एक हा धोका तुम्ही नाकारू शकत नाही.

प्रोटोकॉल लिहिताना बहुतेक विद्यार्थी सँपल साइजवर आठवडे घालवतात आणि व्याख्या एका ओळीत उरकतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. या विषयावर काम करायचं तर आधी ठरवा: टवका धरायचा की नाही? सुटलेली कॅप परत चिकटवता आली तर ती इजा का? नंतरची तपासणी कोण करणार, आणि सातव्या दिवशी पेशंटच्या गावी कोण जाणार? फोनवर 'दात ठीक आहेत ना' विचारलं तर 'हो' असंच उत्तर येणार.

आणि ऑपरेशनआधीची नोंद नसेल तर नंतरच्या नोंदीला अर्थ नाही. दात आधीच हलत होता की भुलीनंतर हलायला लागला, हे सांगणार कसं? तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन असेल तर हेच करा. कॅप, ब्रिज, इम्प्लांट, हलणारा दात, निघणारी कवळी, सगळं भूलतज्ज्ञांना आधी सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. कवळी काढून ठेवता येते, हलणाऱ्या दाताचं काय करायचं ते आधी ठरवता येतं, नळी घालण्याची पद्धतही बदलता येते. तुटलेला तुकडा सापडला नाही तर तो श्वासनलिकेत गेला नाही ना, हे बघावं लागतं. दात आधी किती होते आणि कसे होते हे केसपेपरवर असेल, तर नेमकं काय शोधायचं ते तिथल्या डॉक्टरांना कळतं.