ढगातल्या संगणकाचं मीटर

दौलताबादचा किल्ला पाहिलाय ना? सहलीला तर नक्कीच गेला असाल. दारातून आत शिरून पुढे गेलं की एक भलाथोरला हौद लागतो. त्याचं नाव हत्ती हौद! किल्ल्यात माणसांचा, घोड्यांचा, हत्तींचा राबता असे. त्या सगळ्यांना पाणी कमी पडू नये म्हणून तो एवढा प्रचंड बांधला. पण गंमत पाहा. फौज मोहिमेवर निघून गेली, किल्ल्यात मूठभर शिबंदी उरली, म्हणून हौद काही आकसून लहान होत नाही. गाळ काढायचा तो सगळ्या हौदाचा!

आता तुम्ही म्हणाल, मथळा संगणकाचा आणि गोष्ट हौदाची? थांबा, सांगतो.

तुम्ही मोबाईलवर निकाल पाहता किंवा बाबा रेल्वेचं तिकीट काढतात, तेव्हा तो फोन दूर कुठंतरी असलेल्या एका संगणकाला माहिती विचारत असतो. या संगणकाला म्हणतात सर्व्हर. विचारणारे फार झाले की त्या बिचाऱ्याची दमछाक होते. १६ जुलै २०२१ चा दिवस तुमच्या एखाद्या ताईदादाला चांगला आठवत असेल. कोरोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षा झालीच नव्हती. शाळेतल्या गुणांवरून निकाल लागायचा होता. दुपारी एक वाजला आणि राज्यातली पंधरा लाखांवर मुलं, त्यांचे आईबाबा, आत्या, मावश्या, सगळे एकदमच निकालावर तुटून पडले. झालं! संकेतस्थळ बंद पडलं. कित्येक तास कुणाला काही दिसेना. मुलांचा जीव नुसता टांगणीला!

मग भलामोठा सर्व्हर विकत घेऊन ठेवायचा का? पण दहावीचा निकाल वर्षातून एकदा. उरलेले दिवस तो मोठा सर्व्हर वीज खात बसणार. म्हणजे पुन्हा हत्ती हौदच की!

घरात लग्न निघालं तर आपण काय करतो? हजार पाहुणे येणार म्हणून हजार खुर्च्या विकत घेत नाही. मंडपवाल्याकडून दोन दिवस भाड्यानं आणतो. संगणकाचंही तसंच करता येतं. अमेरिकेतल्या ॲमेझॉन कंपनीनं ऑगस्ट २००६ मध्ये असे संगणक इंटरनेटवरून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडं होतं तासाला १० सेंट. पुढे मायक्रोसॉफ्ट, गुगल, चीनची अलीबाबा, सगळ्याच या धंद्यात उतरल्या. याला नाव पडलं ‘क्लाऊड’, म्हणजे ढग. पण वर आकाशात शोधू नका बरं का! हे संगणक मोठमोठ्या इमारतींत, गारेगार खोल्यांत ओळीनं मांडलेले असतात. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुण्यात आणि मुंबईत, तर ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत अशी सोय सुरू केली. म्हणजे ढग आपल्या महाराष्ट्रातसुद्धा आहे!

तिथला एक दांडगा संगणक एकाच गिऱ्हाईकाला देत नाहीत. जुन्या वाड्यात कशी बिऱ्हाडं असायची? कुणाला एक खोली, कुणाला दोन, कुणाला अख्खा चौक. तसे त्या संगणकाचे भाग पाडतात. प्रत्येक भागाला ‘इन्स्टन्स’ म्हणतात. आपण त्याला बिऱ्हाडच म्हणू. माणसं वाढली की मोठं बिऱ्हाड घ्यायचं, कमी झाली की लहान. सर्वसाधारणपणे आकार दुप्पट झाला की भाडंही दुप्पट.

बिऱ्हाड बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेक ठिकाणी आधी चालू इन्स्टन्स थांबवावा लागतो. मग यादीतून नवा आकार निवडायचा आणि पुन्हा सुरू करायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. पण तेवढा वेळ दाराला कुलूप! आणखी एक लक्षात ठेवा. संगणकाची एक स्मृती फळ्यासारखी असते आणि दुसरी, म्हणजे डिस्क, वहीसारखी. इन्स्टन्स थांबवला की फळा पुसला जातो, वही तशीच राहते. कधीकधी इंटरनेटवरचा पत्ताही बदलतो. म्हणून जाणकार लोक कायमचा पत्ता आधीच मागून घेतात.

पत्ता बदलण्यावरून मुहम्मद तुघलक आठवला. १३२७ मध्ये त्यानं राजधानी दिल्लीहून थेट देवगिरीला हलवायचा घाट घातला आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. दिल्लीतलं झाडून सगळं माणूस त्यानं चालवत आणलं, असं आपण ऐकतो. इतिहासकारांच्या मते मुख्यतः सरदार, अधिकारी, विद्वान आणि त्यांची कुटुंबं आली. तरी हजार किलोमीटरच्या वर वाट! आणि काही वर्षांतच पुन्हा दिल्ली. त्याचं बिऱ्हाड काही पाच मिनिटांत हललं नसणार.

निकालाच्या दिवशी मात्र पाच मिनिटंसुद्धा दार लावून चालत नाही. तिथं एस.टी.ची युक्ती करतात. आषाढीला पंढरपूरची गाडी लांब करता येत नाही, मग महामंडळ काय करतं? जादा गाड्या सोडतं! तसेच एकाच्या जागी दहा सर्व्हर लावायचे आणि पुढे एक वाहतूक नियंत्रक ठेवायचा. तो येणाऱ्याला सांगतो, तू या गाडीत, तू त्या गाडीत. गर्दी ओसरली की जादा गाड्या डेपोत.

आता बिलाकडे वळू. समजा, तुमच्या वर्गानं दौलताबाद किल्ल्याची वेबसाइट केली. नकाशा, फोटो, भुलभुलय्यातल्या अंधाऱ्या वाटेची माहिती, सगळं आहे. एरवी दिवसभरात चारदोन माणसं बघतात. रविवारी मात्र सहलीच्या गाड्या येतात आणि झुंबड उडते. हिशेबापुरतं धरू की लहान बिऱ्हाडाचं भाडं तासाला १ रुपया आणि गर्दीला पुरणाऱ्या मोठ्याचं ८ रुपये. तीस दिवसांचे तास ७२०. महिनाभर मोठंच ठेवलं तर ५,७६० रुपये. पण चार रविवारी सकाळी ९ ते ५ मोठं आणि बाकी सगळा वेळ लहान ठेवलं तर? ३२ तासांचे २५६ आणि ६८८ तासांचे ६८८. एकूण ९४४ रुपये!

छान ना? पण समजा, ७ तारखेच्या पहिल्या रविवारी सकाळी ९ वाजता तुम्ही मोठं केलंत आणि संध्याकाळी क्रिकेटच्या नादात लहान करायला विसरलात. महिनाअखेर बिल येईल ४,६८९ रुपये. रिक्षावाल्याला थांबवून तुम्ही दुकानात गप्पा मारत बसलात, तरी मीटर पडतच राहतं. इथंही तसंच. वेबसाइटवर कुणी आलं की नाही, हे मीटर विचारत नाही. एक सुधारणा मात्र झाली. पूर्वी ॲमेझॉनचं मीटर तासाचं होतं, एक तास एक मिनिट झालं तरी बिल दोन तासांचं. २ ऑक्टोबर २०१७ पासून अनेक इन्स्टन्सना ते सेकंदावर आलं, निदान एक मिनिटाचे पैसे द्यायचे एवढीच अट.

इन्स्टन्स थांबवला म्हणजे बिल थांबलं, असं मात्र समजू नका. मी स्वतः यात फसलोय. एका छोट्या कामासाठी संगणक भाड्यानं घेतला, काम झालं, थांबवला आणि विसरून गेलो. तीन महिने बिल येतच राहिलं! चौकशी केली तेव्हा कळलं की वहीचं, म्हणजे डिस्कचं, भाडं चालूच होतं. घराला कुलूप लावून गावी गेलं तरी सामान खोलीतच असतं ना? मग खोलीचं भाडं पडणारच. ते टाळायचं तर सामानासकट खोली सोडावी लागते. पण तशी सोडली की आतलं सगळं जातं, परत मिळत नाही. म्हणून आधी प्रत काढून ठेवायची. या डिस्कची आणखी एक खोड आहे. ती वाढवता येते, पण सहसा कमी करता येत नाही. हत्ती हौदाचीच बहीण म्हणा!

आईबाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. मुलं हौसेनं अशा सेवेत नाव नोंदवतात. सुरुवातीला बरंच काही फुकट असतं, पण कार्डाचा नंबर मात्र आधीच मागतात. काही सेवांत फुकटची मर्यादा संपली की मीटर गुपचूप चालू होऊ शकतं. खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की इशारा येईल, अशी सोय जरूर करून ठेवा. मात्र हा इशारा नुसता सांगतो, यंत्र आपोआप बंद करत नाही. तोही कधीकधी काही तासांनी येतो. बंद करायला माणूसच लागतो.

भाडं देण्याचे प्रकारही निरनिराळे आहेत. लागेल तसं द्यायचं ते बसच्या तिकिटासारखं. एक किंवा तीन वर्षांचा करार केला तर पाससारखी मोठी सवलत मिळते, पण वापरा वा न वापरा, पैसे भरायचेच. तिसरा प्रकार सगळ्यांत स्वस्त. कंपनीकडे रिकामे पडलेले संगणक अगदी कमी भाड्यानं मिळतात. अट एकच, त्यांना गरज पडली की ते काढून घेणार. ॲमेझॉन त्यासाठी फक्त दोन मिनिटं आधी सूचना देते. निकालासाठी असला संगणक घ्याल का?

आता वही-पेन्सिल घ्या. तेच लहान बिऱ्हाड, तासाला १ रुपया. वर्षाचा करार केला तर तासाला ६० पैसे, पण सगळ्या तासांचे. तुमची वेबसाइट रोज फक्त बारा तास चालू ठेवायची असेल, तर तिकीट परवडेल की पास? आणि रोज किती तासांच्या पुढे पास परवडायला लागेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तासांत आणि मिनिटांत काढा. डिस्कचं भाडं तूर्तास सोडून द्या.